ब्रेक दाबल्यावर गाडी कुठे थांबेल? एक्सेलमध्ये करून पाहण्यासारखा प्रयोग

शहरातल्या सरळ, कोरड्या रस्त्यावर दोन सारख्याच कार शेजारशेजारच्या लेनमधून चालल्या आहेत. एकीचा वेग ताशी ५० किमी, दुसरीचा ६०. टायर सारखे, ब्रेक सारखे, दोन्ही ड्रायव्हर सारखेच सावध. अचानक समोर एक मूल रस्त्यावर येतं आणि दोघांनाही ते एकाच क्षणी, एकाच अंतरावरून दिसतं. ५०ची गाडी मुलाच्या अगदी पुढ्यात येऊन थांबते. त्याच रेषेवर ६०च्या गाडीचा वेग किती असेल?

हा प्रश्न विचारला की बहुतेक जण १० म्हणतात, कारण मुळात फरकच दहाचा होता. थोडा विचार करणारे १५-२० पर्यंत जातात. खरं उत्तर ४३ आहे. एक गाडी थांबलेली असते आणि दुसरी अजून ताशी ४३ किमी वेगात असते.

हे उत्तर मला फार महत्त्वाचं वाटतं, आणि ते कोणाच्या सांगण्यावरून मान्य करू नये असंही वाटतं. ते घरच्या संगणकावर तासाभरात स्वतः काढता येतं. त्यासाठी एक्सेल किंवा गुगल शीट्स पुरे. पायथॉन येत असेल तर वीसेक ओळींचं काम आहे.

संगणकाला नेमकं काय सांगायचं?

सिम्युलेशन म्हटलं की गाड्यांची रंगीत चित्रं आणि महागडी सॉफ्टवेअर आठवतात. मूळ कल्पना त्यापेक्षा खूप साधी आहे. वेळेचे बारीक तुकडे करायचे. एका तुकड्यात वेग बदलत नाही असं मानून गाडी किती पुढे सरकली ते लिहायचं. मग ब्रेकमुळे वेग जितका घटला असेल तितका कमी करायचा आणि खालच्या ओळीवर जायचं. वेग शून्य झाला की थांबायचं. अठराव्या शतकातला गणिती लेओनहार्ड ऑयलर याच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. त्या काळी हाताने करायची ती किचकट बेरीज आता संगणक डोळ्याचं पातं लवायच्या आत करतो.

तर तीन रकाने घ्या: वेळ, वेग, कापलेलं अंतर. प्रत्येक ओळ ०.१ सेकंदाची. ताशी किलोमीटरला ३.६ने भागलं की सेकंदाला किती मीटर ते मिळतं, म्हणजे ५०चे होतात १३.९. पहिल्या ओळीत गाडी १.४ मीटर सरकते. दुसऱ्या ओळीअखेर २.८. तिसऱ्या ओळीअखेर ४.२. वेगाच्या रकान्यात मात्र १३.९, १३.९, १३.९ असंच खाली खाली चाललेलं दिसतं. पहिल्या पंधरा ओळींत वेग जराही हलत नाही, कारण ब्रेक अजून लागलेलाच नाही. ड्रायव्हरला काहीतरी दिसलंय, ते काय आहे ते कळतंय, पाय अॅक्सिलरेटरवरून उचलला जातोय. या दीड सेकंदात गाडी जवळजवळ २१ मीटर पुढे गेलेली असते.

सोळाव्या ओळीपासून वेग उतरू लागतो: १३.२, १२.५, ११.८... कोरड्या डांबरी रस्त्यावर घर्षणगुणांक, म्हणजे टायरची रस्त्यावरची पकड सांगणारा आकडा, ०.७ धरला तर वेग दर सेकंदाला साधारण ६.९ मीटर प्रतिसेकंदाने घटतो. आणखी वीस ओळींत गाडी थांबते. ब्रेक लागल्यापासूनचं हे अंतर आहे साधारण १४ मीटर. दोन्ही मिळून ३५. म्हणजे शहरी वेगात गाडी थांबायला जेवढी जागा लागते तिच्यातली निम्म्याहून जास्त जागा ब्रेकचा काहीच संबंध येण्याआधी खर्च झालेली असते.

इथे एक तांत्रिक खबरदारी घ्यायला हवी. ओळ ०.१ ऐवजी एका सेकंदाची घेतली तर ब्रेकचं अंतर १४ऐवजी २१ मीटर येईल. कारण उघड आहे: सबंध सेकंदभर वेग बदलला नाही असं आपण मानलं, आणि तो तर सतत घटत होता. म्हणून तुकडा बारीक करत जायचं आणि उत्तर हलायचं थांबलं की तिथे मुक्काम करायचा. पडताळणीसाठी शाळेतलं सूत्र हाताशी आहेच. मीटर प्रतिसेकंदातल्या वेगाचा वर्ग घ्या आणि त्याला २ × घर्षणगुणांक × ९.८ (गुरुत्वीय त्वरण) या गुणाकाराने भागा. सूत्र आणि सिम्युलेशन जुळत नसतील तर पुढचा कुठलाही निष्कर्ष काढू नये.

मग सूत्र असताना सिम्युलेशन कशाला? सूत्र फक्त एकाच परिस्थितीत चालतं: घर्षण पहिल्यापासून शेवटपर्यंत तेवढंच, ब्रेक पहिल्या क्षणी पूर्ण लागलेला. खरा रस्ता असा नसतो. ब्रेकचा जोर वाढायला थोडा वेळ लागतो. ओल्या रस्त्यावर वेग जास्त असेल तर पकड कमी मिळते आणि वेग उतरेल तशी ती सुधारते. सूत्रात हे बसवायला कॅल्क्युलस लागतं. कोष्टकात मात्र प्रत्येक ओळीला सांगता येतं की आत्ताचा वेग बघ आणि त्याप्रमाणे घर्षण घे.

त्या ४३चं काय?

आता सुरुवातीच्या वेगाच्या घरात ६० टाका. पंधरा ओळी संपतात तेव्हा गाडी २५ मीटर पुढे आलेली असते. ५०ची गाडी ३५ मीटरवर थांबली होती, म्हणजे हिच्याकडे उरले जेमतेम १० मीटर. आणि ६०वरून थांबायला कोरड्या रस्त्यावरही ब्रेकचे २० मीटर लागतात. म्हणजे ही गाडी आपल्या ब्रेकच्या अंतराच्या बरोबर मध्यावर असताना ती रेषा येते.

मध्यावर आहे तर वेग निम्मा झाला असेल, असं मन लगेच म्हणतं. कोष्टक म्हणतं, नाही. ब्रेक ऊर्जा खातो, आणि ऊर्जा वेगाच्या वर्गावर ठरते. निम्म्या अंतरात निम्मी ऊर्जा जाते, पण वेग फक्त तीस टक्क्यांच्या आसपास घटतो. साठचे सत्तर टक्के केले की बेचाळीस-त्रेचाळीस येतात. वेगाचा मोठा हिस्सा अगदी शेवटच्या काही मीटरांत उतरतो. शेवटचे ते मीटर मिळाले नाहीत तर धडक मोठ्या वेगात होते.

रोज गाडी चालवणाऱ्या माणसाला अंतर्ज्ञानाने न कळणारी गोष्ट नेमकी हीच आहे. सिग्नलला आपण हळूहळू थांबतो तेव्हा शेवटचा भाग संथ वाटतो, त्यामुळे ब्रेकचं सगळं काम सुरुवातीलाच होतं असा समज बसतो. आलेखावर अंतर आडवं आणि वेग उभा घेऊन पाहा. रेघ आधी सपाट जाते, मग किंचित वाकते आणि शेवटी कड्यासारखी कोसळते. दहावीच्या विज्ञानाच्या तासाला हा एक आलेख काढून घ्यावा, असं मला मनापासून वाटतं.

वेग वाढवत नेला की आकडे वेगाने फुगतात. ५०ला ३५ मीटर लागले. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात कारला १००ची मर्यादा आहे, तिथे लागतात ९८. समृद्धी महामार्गावर १२०ची मुभा आहे, तिथे १३१. आणि हे सगळं कोरडा रस्ता, चांगले टायर आणि जागा ड्रायव्हर धरून.

दीड सेकंदाचा आकडा कुठून आला?

प्रतिक्रियेचा वेळ हा या सगळ्या गणितातला सर्वांत निसरडा आकडा आहे. स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ‘पीआयईव्ही’ नावाने हा विषय शिकवतात: दिसणं, उमजणं, त्यावर मनात भावना उमटणं आणि मग कृती ठरवणं. अपेक्षा असलेल्या प्रसंगात, म्हणजे समोरच्या गाडीचे ब्रेक लाइट लागतील याची वाटच पाहत असताना, माणूस पाऊण सेकंदातही ब्रेक दाबतो. अनपेक्षित गोष्ट समोर आली तर दीड सेकंद हा रास्त अंदाज आहे. थकवा, रात्र, दारू किंवा फोन असेल तर अडीच सेकंदही सहज जातात.

ब्रिटनच्या ‘हायवे कोड’मधलं प्रसिद्ध कोष्टक घ्या. त्यात ताशी ३० मैल, म्हणजे आपल्या ४८ किमीला एकूण अंतर २३ मीटर दिलंय: विचाराचे ९ आणि ब्रेकचे १४. ब्रेकचं अंतर आपल्या सिम्युलेशनशी जुळतं. विचाराचं मात्र आपल्याकडे २० मीटर येतं. कारण तिथे प्रतिक्रियेला सेकंदाचा दोन तृतीयांश भाग एवढाच वेळ धरला आहे. उलट आपल्या इंडियन रोड्स काँग्रेसने रस्त्यांच्या रचनेसाठी अडीच सेकंद धरलेत, आणि १०० किमी वेगाला घर्षणगुणांक अवघा ०.३५. त्या हिशेबाने १०० च्या वेगाला समोर १८० मीटर रस्ता दिसायलाच हवा, असं वळणं आणि चढ आखताना पाहतात. मला ही पद्धत जास्त जबाबदार वाटते. रस्ता आखताना सर्वांत चपळ ड्रायव्हर डोळ्यासमोर ठेवून चालत नाही.

रात्रीच्या प्रवासासाठी हाच हिशेब उलटा वापरता येतो. लो बीमचा कामाचा उजेड साधारण ४० ते ६० मीटर पडतो. ८०च्या वेगाला कोरड्या रस्त्यावर ६९ मीटर लागतात. टेललाइट नसलेला ट्रक कडेला उभा असेल तर तो दिसल्यावर ब्रेक मारून उपयोग नाही. तो दिसायच्या आधीच वेग कमी असावा लागतो.

वजन, टायर आणि पाऊस

सिम्युलेशनमध्ये गाडीचं वजन दुप्पट करा. उत्तर हलत नाही. वजन दुप्पट झालं की रोखायची ऊर्जा दुप्पट, पण टायर रस्त्यावर दाबले जाण्याचा जोरही दुप्पट, म्हणून घर्षणही दुप्पट. दोन्ही एकमेकांना छेदतात. ‘जड गाडी लवकर थांबत नाही’ हा अनुभव मग खोटा का? खोटा नाही, तो दुसऱ्या कारणाने खरा आहे. आपण गृहीत धरलं होतं की ब्रेक हवा तेवढा जोर देऊ शकतो. खऱ्या ब्रेकला मर्यादा असते. कोष्टकात ब्रेकच्या जोराची एक कमाल मर्यादा घाला आणि मग वजन वाढवा. ठरावीक भारापर्यंत अंतर तसंच राहतं, आणि ती हद्द ओलांडली की भाराच्या प्रमाणात वाढू लागतं. ओव्हरलोड ट्रक नेमका त्या हद्दीपलीकडे असतो. शिवाय एअर ब्रेकला हवा पोहोचायला सेकंदाचा काही अंश लागतो, तो वेगळाच.

घर्षणगुणांक बदलला की काय होतं ते सोपं आहे. ०.७चा ०.३५ केला की ब्रेकचं अंतर दुप्पट. ओल्या रस्त्यावर ०.४ ते ०.५ धरायला हरकत नाही. जूनमधल्या पहिल्या सरींना रस्त्यावर साचलेली धूळ आणि तेल भिजून त्याचा पातळ थर होतो, तेव्हा पकड आणखी उतरते. चारदोन चांगले पाऊस झाले की रस्ता धुऊन निघतो.

पाण्याचा थर जाड असेल तर प्रश्नच बदलतो. टायरला खालचं पाणी बाजूला सारायला वेळ मिळाला नाही की तो पाण्यावर तरंगतो. अशा वेळी ब्रेक दाबला काय आणि स्टिअरिंग फिरवलं काय, फरक पडत नाही. विमानांच्या धावपट्ट्यांसाठी नासाने १९६०च्या दशकात याचा अभ्यास केला आणि त्यातून एक ढोबळ सूत्र आलं. टायरमधल्या हवेच्या दाबाचं, पीएसआयमध्ये, वर्गमूळ घ्या आणि त्याला १०.३५ने गुणा. टायर तरंगू लागण्याचा ताशी मैलांतला वेग तो हाच. ३२ पीएसआयला हा वेग ताशी सुमारे ९४ किमी येतो, २४ पीएसआयला ८२. कमी हवेचा टायर जास्त सुरक्षित असतो ही समजूत इथे उलटी पडते. टायरच्या खाचा पाणी बाहेर काढण्यासाठीच असतात. आपल्याकडे कारच्या टायरला त्यांची किमान खोली १.६ मिमी लागते, पण पावसाळ्यात तिथपर्यंत वाट पाहू नये.

एबीएसबद्दल, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेबद्दल थोडं. चाक पूर्ण जाम होऊन घसरू लागलं की पकड कमी होते. ते फिरत असताना थोडंसंच घसरेल असं ठेवलं तर ती सर्वांत जास्त मिळते. भारतात एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या कारना एबीएस सक्तीचं आहे. त्याचा मोठा फायदा म्हणजे ब्रेक पूर्ण दाबूनही गाडी वळवता येते. सुट्ट्या खडीवर मात्र जाम झालेल्या चाकापुढे खडीचा ढीग साचून तेच लवकर थांबतं, तिथे एबीएसमुळे अंतर वाढू शकतं.

एक गंमत जरूर करून पाहा. ८०च्या वेगाला ब्रेकच्या वाटेवर कुठेतरी १० मीटर लांबीचा वाळूचा पट्टा ठेवा, जिथे घर्षण निम्मं आहे. आधी पट्टा सुरुवातीला ठेवा, मग शेवटाकडे सरकवा. बहुतेकांना वाटतं की सुरुवातीचा पट्टा जास्त घातक असेल, कारण तिथे वेग जास्त. पण पट्टा पूर्णपणे ब्रेकच्या वाटेवर असेल तर अंतर दोन्ही वेळा तेवढंच वाढतं, ५ मीटर. ऊर्जा किती खाल्ली जाते हे घर्षण आणि अंतर यांवर ठरतं, तिथे असलेल्या वेगावर नाही. कोष्टकात हे आधी दिसतं आणि मग डोक्यात कारण उलगडतं. या पद्धतीचा खरा आनंद मला त्यातच वाटतो.

घाट

उतारावर ब्रेकचं काम वाढतं, कारण गुरुत्वाकर्षण गाडीला पुढे ढकलत असतं. २० मीटरला १ मीटर असा उतार घ्या आणि रस्ता ओला. घर्षणगुणांक ०.४ असेल तर उतरताना तो व्यवहारात ०.३५ होतो, चढताना ०.४५. ६०च्या वेगाला ब्रेकचं अंतर उतरताना ४०.५ मीटर, चढताना ३१.५. एकाच घाटाच्या दोन बाजूंमध्ये ९ मीटरांचा फरक.

पण घाटातलं मोठं संकट हे अंतर नाही, उष्णता आहे. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना सुमारे ५०० मीटर उंची कमी होते. २५ टनांचा ट्रक एवढा खाली येतो तेव्हा जवळपास १२ कोटी ज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. ६०च्या वेगातला तोच ट्रक ३५ वेळा पूर्ण थांबवायला जेवढी ऊर्जा रोखावी लागेल तेवढी ही आहे. थोडा भाग हवा आणि टायर घेतात, आणि खालच्या गिअरमध्ये असेल तर मोठा भाग इंजिन घेतं. डिझेल वाचवायला ट्रक न्यूट्रलवर सोडला की इंजिनाचा वाटा शून्य होतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापत जातात, तापलेल्या लायनिंगची पकड सुटते आणि पेडल दाबलं तरी गाडी रोखत नाही. कोष्टकात एक चौथा रकाना तापमानाचा करा, ठरावीक तापमानानंतर ब्रेकचा जोर घटवा, आणि ट्रक न्यूट्रलमध्ये सोडून पाहा. बराच वेळ सगळं ठीक चालतं. मग एका ओळीनंतर वेग उतरायच्या ऐवजी वाढू लागतो, आणि तिथून पुढे काहीच करता येत नाही. ‘ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर’ असं जुने ड्रायव्हर नव्या पोरांना सांगतात, त्यामागे एवढं पदार्थविज्ञान आहे.

एकदा नव्हे, हजारदा

आतापर्यंत आपण एकेक आकडा ठरवून घातला. रस्त्यावर असं कोणी ठरवून देत नाही. म्हणून आता संगणकाला सांगायचं की प्रत्येक वेळी प्रतिक्रियेचा वेळ ०.७ ते २.५ सेकंदांतून आणि घर्षण ०.४ ते ०.८ यांतून चिठ्ठी काढल्यासारखं उचल, आणि हाच प्रसंग हजारो वेळा चालव. १९४०च्या दशकात लॉस अलामॉसमध्ये स्टॅनिस्लॉ उलाम आणि जॉन फॉन नॉयमन यांनी अणूंच्या गणितासाठी ही युक्ती वापरात आणली, आणि जुगाराच्या अड्ड्यावरून तिला माँटे कार्लो नाव पडलं.

८०च्या वेगाला याचं उत्तर असं येतं: सरासरी अंतर ७९ मीटर. पण सर्वांत चांगल्या जुळणीत ४७, आणि सर्वांत वाईट जुळणीत ११८. शंभरातल्या आठ-नऊ वेळा १०० मीटरही पुरत नाहीत. सरासरीच्या भरवशावर पुढच्या गाडीपासून अंतर ठेवणारा माणूस बहुतेक दिवस सुखरूप घरी पोहोचतो, आणि म्हणूनच त्याला आपली सवय बरोबर वाटत राहते. अपघात त्या आठ-नऊ वेळांमध्ये दडलेला असतो: ओला रस्ता आणि रेंगाळलेला पाय एकाच दिवशी जुळून आले की.

या प्रयोगात बदलून पाहण्यासारखे आकडे पुष्कळ आहेत, पण त्यातला ०.७ हा आकडा तुमच्या गाडीचा नाही, पुस्तकातला आहे. तो बदलता येतो. बहुतेक स्मार्टफोनमध्ये त्वरण मोजणारा सेन्सर असतो आणि तो वाचणारी फुकट अॅप मिळतात. फोन डॅशबोर्डवर सपाट घट्ट बसवा. मोकळ्या, रिकाम्या मैदानावर किंवा बंद रस्त्यावर, सीटबेल्ट लावून, ३०-४०च्या वेगात एबीएस असलेल्या गाडीचा ब्रेक पूर्ण दाबा आणि आकडा शेजारी बसलेल्याला वाचायला सांगा. मंदन, म्हणजे वेग घटण्याचा दर, ६.४ आलं तर त्याला ९.८ने भागा: ०.६५. हा तुमच्या टायरचा त्या जमिनीवरचा घर्षणगुणांक. तो कोष्टकात घाला. मग टायर बदलल्यावर एकदा आणि पाऊस पडून गेल्यावर एकदा पुन्हा मोजा.